साबणाचं दूध आणि माझं लाटणं

बायांनो, आज सकाळी मी मामांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या मनगटावर लाटणं हाणलं. व्हय, मीच.

म्हशीच्या दुधाचा साबण करत होते. गोठवलेल्या दुधात कॉस्टिक सोडा ढवळला आणि पातेलं गार पाण्याच्या परातीत ठेवलं. तेवढ्यात मामा गोठ्यातनं आले. आमच्या घरात परातीत निवत ठेवलेलं दूध म्हणजे पिण्याचंच. त्यांनी झाकण काढून खाली टाकलं, पातेलं उचललं आणि तोंडाला लावायला गेले. मी ओरडले, पण त्यांना कमी ऐकू येतं. लाटणं हाताला लागलं, तेच हाणलं.

पातेलं उडालं. दूध माझ्या हातावर सांडलं, कातडी पेटल्यागत झाली. आमचे हे धावत आले आणि काही न विचारता माझ्या कानाखाली वाजवली. "माझ्या बापाला मारतीस व्हय गं?"

खाली पडलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या झाकणावर त्या दुधाला फसाफसा फेस येत होता, सोडा अ‍ॅल्युमिनियम खातो ना. ते बघून मामा ओरडले, "आरं मुडद्या, ह्ये माझ्या पोटात गेलं असतं की! तिनं वाचीवलं मला."

किती वेळ हात नळाखाली धरला, तरी जळतोय. माझा हात उठला तो माणूस वाचवायला. ह्यांचा कशासाठी उठला, सांगाल का कुणी?

ह्यांना विचारलं तर म्हणतात, "मलम लाव की."