राखणदारणीचा राघू

"कापायला काय लागतंय गं कडूबाई? कात्री हाय, हात हाईत. पर एकदा कापले की मग त्याला उडता यायचं न्हाई."

"आगं माय! म्हून तर कापतेत. उडता यावं म्हून कुनी पंख कापतंय का?"

कस्तुराबाईनं डाल्याच्या फटीतून आत बघितलं. ओट्यावर कोंबड्यांचं जुनं डालं पालथं घातलेलं, डाल्याखाली राघू, आणि डाल्याच्या दोन्ही अंगांना दोन बाया. कडूबाई शेजारीण, दोघींच्या घरांत एकच भिंत. सुनेची शिवणाची कात्री तिनं पदराखाली लपवून आणली होती आणि आल्यापासून तिची घाई चाललेली.

"पंख भरून आलाय त्याचा. दार इसरून उगडं राहिलं का गेला फुर्रदिशी. मग म्हनशील, माझा राघू गेला."

"कुनाला म्हनते? कोन हाय म्हनायला?"

"मी हाय की!"

"तू तर आत्ताच ऐकलंस."

कडूबाई हसत उठली. कात्री तिथंच ठेवली. जाता जाता म्हणाली, "एकच बाजू काप. दोन्ही न्हाई. एक बाजू कापली की तोल जातो, दोनदा आपटतं, मग उडायचा नादच सोडतंय. अन् धार घालवू नको बया, सुनबाई मला घराभाईर काढंल."

कस्तुराबाई पिंगळी गावाच्या बाजूच्या शिवारात पाखरं राखते. संक्रांतीच्या आगंमागं जवारी हुरड्यात आली की दीड महिना चार मेढी रोवून बांधलेल्या उंच माळ्यावर उभं राहायचं, गोफण फिरवायची आणि ओरडायचं. तिच्या सासूनं हेच केलं, तिनंही केलं. एक काळ असा होता की नजर टाकावी तिकडं माळे दिसायचे. एक बाई ओरडली की पलीकडची ओरडायची, तिच्या पलीकडची तिसरी. थवा या रानातून त्या रानात पळायचा आणि त्याच्यामागं बायांच्या गप्पाही पळायच्या. कुणाच्या सासूनं काय म्हटलं, कुणाचा नवरा कुठं पिऊन पडला, सगळं माळ्यावरून माळ्यावर, भरल्या शिवारात. लाजायचं कुणाला? ऐकणारी पाखरंच.

आता चौफेर हरभरा आणि गहू. राखायला माणूस मिळत नाही म्हणून लोकांनी जवारी सोडली, आणि लोकांनी सोडली म्हणून जो कुणी पेरील त्याच्या उरावर साऱ्या शिवाराची पाखरं. गोविंदराव तेवढे अजून तीन एकर पेरतात, म्हशींना कडबा लागतो म्हणून. त्या तीन एकरांवर एकच माळा, माळ्यावर एकटी कस्तुराबाई. ती ओरडते, आणि पलीकडून कुणीच ओरडत नाही.

पाखरं राखायचा एक कायदा आहे. गोफणीचा गोटा थव्याच्या डोक्यावरून घालवायचा, थव्यात नाही. पाखरू उठलं पाहिजे, मेलं नाही पाहिजे. बोटभर पाखराचा जीव घेऊन राखणदाराला काय मिळतंय? इतक्या वर्षांत तिच्या हातून हा कायदा मोडला नव्हता. तीन आठवड्यांखाली मोडला. सकाळी चाकणहून पोराचा, जीवनचा फोन आला होता की संक्रांतीला यायचं जमत नाही, कंपनीत सुट्टी नाही. "बरं," म्हणून तिनं फोन कमरेच्या पिशवीत घातला, गोफण फिरवली, आणि गोटा खाली सुटला. थवा उठला. एक हिरवं कणसांत पडलं.

ती खाली उतरून गेली तर राघू एका पंखावर गरगर फिरत होता. गळ्याला कंठ फुटलेला नव्हता, म्हणजे पोरगंच. उचलायला गेली तर त्यानं तिच्या बोटाचा लचका तोडला. "चाव," ती म्हणाली, "चाव मेल्या. तुझा हक हाय." आणि पदरात गुंडाळून घरी आणला.

हळद-तेल लावलं, डाल्याखाली कोंडला. खायला काय घालावं? डाळ खाईना, भाकर खाईना. शेवटी गोविंदरावाच्या रानातली दोन कणसं आणून हुरडा चोळून घातला, तर सगळा फस्त. तेव्हापासून रोज दोन कणसं. चोराला चोरून घालायचं, तेही राखणदारानं! हे तिलाच एकदा तव्यापुढं बसल्या बसल्या आठवलं आणि ती एकटीच हसली. हसल्यावर दचकली. घरात हसण्याचा आवाज बऱ्याच दिसांनी झाला होता.

दिवसभर ओरडून घसा बसायचा, पण त्यात बोलणं एक नसायचं. घरी येऊन चूल पेटवायची, खायचं, पडायचं, तोंड जे मिटायचं ते सकाळी माळ्यावरच उघडायचं. आता ती बोलायला लागली. मीठ जास्त झालं, सांग राघवाला. कडूबाईची सून मोबाइलवर बोटं फिरवीत बसती, सांग राघवाला. तो मान तिरपी करून एका डोळ्यानं बघायचा आणि "क्यॅं" करायचा. एवढ्यावर तिचं भागायचं.

"त्याला इठ्ठल इठ्ठल शिकीव," कडूबाईनं एकदा सुचवलं.

"इठ्ठलाला हाका मारनारे लय हाईत. माझं नाव घे म्हनावं."

हे तिनं चेष्टेत म्हटलं, पण मनातून तसंच होतं. गावात ती कुणाची काकू, कुणाची मावशी, जीवनची माय. कस्तुरे म्हणणारा नवरा जाऊन अकरा वर्षं झाली. त्याच्यामागं ते नाव रेशनच्या दुकानात आणि बँकेत तेवढं ऐकू यायचं, तेही आडनावासकट. संध्याकाळी ती डाल्यापुढं बसायची आणि शिकवायची, "म्हन, कस्तुरा. कस्-तुरा." राघू हुरडा फोडत राहायचा.

रविवारी जीवनचा फोन आला तेव्हा तिनं सांगितलं. तो उखडलाच.

"आये, तुला म्हाईत हाय का, पोपट पाळनं गुन्हा हाय! जंगलखात्याचे लोक धरतेत. सरळ केस."

"मला धरून नेतेत?"

"मग!"

"नेऊ दे बाप्पा. तितं चार बाया तरी असतील बोलायला."

तिकडून पोरगं खाकरलं. मग म्हणालं, "बरं, जेवलीस का?" तीही म्हणाली, "जेवले." तेवढंच झालं.

पुढं एक दिवस बोका घरात शिरला. ती आली तर डालं सरकलेलं आणि राघू तुळईला नखं रुतवून बसलेला, थरथर कापत. त्या दिवशी तिनं ठरवलं की आता याला घरी एकटं ठेवायचं नाही. दुसऱ्या दिवसापासून डाल्याखाली फळी बांधून, वर पोतं टाकून, तिनं त्याला रानात न्यायला सुरुवात केली. माळ्याच्या मेढीला टांगला. सावली झाली, सोबत झाली. तिला वाटलं, किती शहाणपणाचं काम केलं.

राखणदारणीच्या हातून व्हावी अशी चूक नव्हती, पण झाली. डाल्यातल्या राघवानं वरून जाणारा थवा ऐकला आणि असा काही ओरडला की सगळा थवा गिरकी घेऊन खाली आला. ती हाकलायची, तो बोलवायचा. थवा उठायचा, बाभळीवर बसायचा, परत यायचा. गोफणीचा धाकच उरला नाही. चौथ्या दिवशी गोविंदराव रानात आले, दक्षिणेच्या कोपऱ्यात फिरले आणि पाखरांनी रिकामी केलेली पाच-सहा कणसं हातात घेऊन माळ्याखाली उभे राहिले.

"काकू, तुमी पाखरं राखायलाव का बोलवायलाव?"

तिनं मान खाली घातली. गोविंदराव तिच्याहून लहान, पण मालक.

"मी वरडते की गोविंदराव. घसा फुटूस्तर वरडते."

"तुमी वरडताव, ते बी वरडतंय. पाखरानं कुनाचं ऐकावं? तुमचं का त्याचं?" ते रागात नव्हते, हेच तिला जास्त लागलं. "राघू पाळायची हौस असंल तर घरी पाळा. पंख कापा, कोंडून ठिवा. रानात आनू नका. न्हाईतर बॅटरीवरचा भोंगा आनून लावतो, अन् तुमी बसा घरी."

त्याच संध्याकाळी कडूबाई कात्री घेऊन आली होती.

कात्री रात्रभर ओट्यावरच राहिली. सकाळी कस्तुराबाईनं विचार केला, आधी एक दिवस कोंडून बघू. कापायचं काय, कधीबी कापता येतंय. हुरडा ठेवला, पाण्याची वाटी ठेवली, खिडकीला फळी लावली म्हणजे बोका यायचा नाही. आत अंधार झाला. बाहेरून कडी घातली, कुलूप लावलं. "येते मी," ती बंद दाराला म्हणाली आणि गेली.

त्या दिवशी पाखरं शहाण्यासारखी वागली. एक आवाज दिला की उठत होती. काम हलकं होतं, तरी तिचं लक्ष लागेना. दहादा उन्हाकडं बघितलं. दिवस कलला तशी झपाझप चालत आली. दारापुढं आली, किल्ली काढली, आणि कुलपाला न लावता तशीच थांबली. आत कुणीतरी होतं. रोज या दारामागं कुणी नसतं, आज होतं. तिनं कान दिला. काहीच ऐकू आलं नाही. रोज जसं घर असायचं, तसंच होतं.

कुलूप उघडलं. राघू डाल्याच्या पार कोपऱ्यात, मान छातीत घालून. हुरडा तसाच. पाणी तसंच. तिनं फळी काढली, उजेड आत आला, तरी तो हलला नाही. "आले की रं," ती म्हणाली. तरी नाही. भाकरी झाल्या, ती जेवली, तेव्हा कुठं त्यानं एक दाणा फोडला, तोही तिच्याकडं न बघता.

जवारी निघाली की माळा मोडणार होता. मग खुरपण, मग हळद काढणी, मग उन्हाळा. कुठल्याच कामावर त्याला नेता येणार नव्हतं. म्हणजे सकाळी कडी घालायची आणि दिवस बुडताना कुलूप काढायचं, जन्मभर. आणि सोडला तर? सोडला तर संध्याकाळी "मीठ जास्त झालं" हे सांगायचं कुणाला? तिनं दोन्हीकडून धरून बघितलं. कुठल्याच बाजूनं हलकं लागेना.

सकाळी तिनं डालंही घेतलं आणि कात्रीही. घरात हात चालणार नाही, रानात उजेड चांगला असतो, असं ती स्वतःलाच सांगत होती. माळ्यावर चढली, डाल्यात हात घातला, राघवाला पालथा धरून पदरात गुंडाळला आणि उजवा पंख पंख्यासारखा उघडला. बाहेरची लांब पिसं एकमेकांवर नीट बसलेली होती. जिथं गोटा लागला होता तिथं एक नवं पीस आलेलं, बाकीच्यांहून जरा फिक्कं. तिनं कात्री लावली. पात्याखाली पिसाचा कडकपणा हाताला कळला.

नदीकडनं थवा आला. राघू हातात ताठ झाला.

"थांब जरा," ती म्हणाली. कात्री तशीच धरून तिनं त्याचं तोंड स्वतःकडं वळवलं. "एकदाच म्हन. कस्तुरा. म्हन, मग कापते, अन् कोंडते बी, अन् कुनी धरून नेलं तर जाते बी. म्हन."

राघवानं चोच उघडली. मान तिच्या बोटांतून काढून, थव्याकडं वळवून, सारा जीव एकवटून ओरडला. तिच्याकडं त्यानं बघितलंही नाही.

"बरं," कस्तुराबाई म्हणाली. तिनं कात्री पोत्यावर ठेवली आणि मूठ सोडली.

तो नीट उडालाही नाही. कणसांवर आपटत, पिसं फडफडवत वीस-पंचवीस हात गेला, खाली बुडाला, वर आला आणि बांधावरच्या बाभळीच्या पहिल्याच फांदीला लटकला. तिथं बराच वेळ बसून राहिला. कस्तुराबाई बघत उभी. परत येतो का काय, असं तिला वाटून गेलं, खोटं कशाला बोला. मग थवा उठला, तेव्हा फांदी रिकामी झाली. चाळीस-पन्नास हिरवे, सगळे सारखे. त्यातला तिचा कोणता हे काही कळलं नाही.

थव्यानं एक गिरकी घेतली आणि उत्तरेच्या कोपऱ्यात, ऐन भरल्या कणसांवर उतरला.

"आरं तिच्या मायला!" कस्तुराबाई म्हणाली. गोफण उचलली, गोटा घातला. हात क्षणभर अडला. "लांब सरकून बस रं," ती पुटपुटली, "एवढ्या दिसांत तेवढी तर अक्कल आली आसंल." आणि गोफण फिरवली. "हाऽऽ होऽऽ हुर्रऽऽ!" थवा उठला, पुढं जाऊन परत बसला. दुसरा गोटा, तिसरा. चौथ्याला हात घातला तर गोट्यांचा ढीग संपलेला.

ती माळ्यावरून उतरली, पदर खोचला, ओचा धरला आणि धुऱ्याधुऱ्यानं, बांधाच्या कडेनं, ढेकळं वेचत, मधे मधे ओरडत, उत्तरेच्या कोपऱ्याकडं चालू लागली. अजून ऊन वर यायचं होतं, आणि पाखरांची खरी भूक याच वेळेला असते.