शून्य मार्कांची शिकवणी

झेरआय मास्तर स्वतःच सक्तीचे शिपाई होते. ते इंजिनिअर झाले तेव्हा एरिट्रियाला शिकलेली माणसंही हवी होती आणि सैनिकही. सरकारने दोन्ही गरजा एकाच माणसात उरकल्या: हातात बंदुकीऐवजी खडू दिला, पगार शिपायाचा ठेवला आणि सुटका कधी, ते सांगायचंच टाळलं. डोंगरातल्या त्या शाळेत गणित शिकवता शिकवता मास्तरांचे केस पिकले.

अकरावी पास झालेल्या पोरांना बारावीला लष्करी छावणीत नेत. तिथून परतणारं कुणी दिसत नसे, म्हणून पोरं मुद्दाम नापास होत. इयोब त्यातला वस्ताद. चार पर्यायांमधून त्याचं एकही उत्तर चुकूनसुद्धा बरोबर येत नसे, आणि त्यासाठी सगळी उत्तरं यावी लागतात. ही विद्या मास्तरांचीच.

"वर्दीवाला काहीही विचारू दे, चुकीचं सांग. हुशार दिसलास की मेलास!"

एक दिवस शाळेत कप्तान आला. इयोबचं शून्य पाहून म्हणाला, "नाटक तर करत नाही ना हा?"

मास्तरांनी छडी उचलली. "नाटक कसलं साहेब, गाढव आहे गाढव!"

छडी मोडली तेव्हा त्यांनी कमरेचा पट्टा काढला. इयोबचा ओठ फाटला, एक दात फरशीवर पडला. मास्तर रडत होते आणि मारत होते. हात आखडता घेतला असता तर कप्तानाने ओळखलं असतं.

"बास, पटलं," कप्तान हसला. "नवा हुकूम आहे. पास होईल त्याला पुस्तकं, नापास तो थेट सीमेवर. गाढवाला खंदकातच जुंपतो."

शिपायांनी बरगड्यांत बंदुकीचे दस्ते घालत इयोबला ट्रकमध्ये फेकलं. मास्तर मागे धावले. "साहेब, खोटं बोललो मी! डॉक्टर होईल हा पोरगा! विचारून तर बघा!"

एका दस्त्याने त्यांचा जबडा निखळला. ते धुळीत कोसळले.

कप्तानाला गंमत वाटली. त्याने ट्रकमध्ये डोकावून अर्धवट शुद्धीतल्या इयोबची हनुवटी वर केली. "काय रे डॉक्टर, सात आठे किती?"

मास्तरांच्या तोंडातून शब्द फुटेना, नुसतं रक्त येत होतं.

इयोबने समोरची वर्दी पाहिली.

"पंचेचाळीस," तो म्हणाला, आणि धडा नीट पाठ असलेल्या पोरासारखा मास्तरांकडे बघून हसला.