अकरा किलोमीटर

पाणी दिसलं की गायकवाडमामा गाडी थांबवायला लावत. चपला काढून पायाखालच्या रबरी चटईवर ठेवत, पँट गुडघ्यापर्यंत दुमडत आणि काठी घेऊन ओढ्यात उतरत. पलीकडच्या काठाला जाऊन तसेच परत येत आणि मग सांगत, "डावीकडून घ्या. उजवीकडचा धोंडा हलतोय."

मी एकदा म्हटलं, मामा, फोर-व्हील गाडी आहे, चारही चाकं ओढतात, एवढं कशाला?

"फोर-व्हील आहे म्हणूनच लांब जाऊन अडकते, सावंतसाहेब. साधी गाडी काठावर अडकते. तिला ढकलायला माणसं तरी असतात."

वांगणीच्या पुढे मी जमिनीचा एक तुकडा घेतला होता आणि वाटेत हा ओढा होता. तेवढं निमित्त करून पन्नाशीत मी जुनी जीप घेतली. अंबरनाथ पूर्वेला आमच्या इमारतीत ती लावायला जागा नव्हती. मामांची मुलगी सुनंदा तेव्हा माझ्या बायकोच्या ऑफिसात होती, तिच्यामुळे ओळख झाली. मामा एका कारखान्यात तीस वर्षं ट्रक चालवून निवृत्त झालेले. शिवमंदिराच्या मागच्या अंगाला त्यांचं बैठं घर, पुढे मोकळं अंगण. "लावा की इथं. रिकामं अंगण बघून मला करमत नाही," म्हणाले. किल्लीही त्यांच्याकडेच राहू लागली, बाबासाहेबांच्या तसबिरीखालच्या खिळ्याला.

चालवायला मी त्यांच्याकडून शिकलो. त्या जीपच्या पुढच्या प्रत्येक चाकाच्या मधोमध एक गोल हब होता. चिखलात जाण्याआधी खाली उतरून तो हाताने ‘लॉक’कडे फिरवायचा, तरच पुढच्या चाकांना जोर मिळतो. परत डांबरी रस्ता लागला की ‘फ्री’ करायचा. मामा त्याला चाकं जागी करणं म्हणत. "अडकल्यावर उतरून काय फिरवता? तेव्हा पाय चिखलात असतो आणि डोकं तापलेलं असतं. आधी फिरवा."

एका रविवारी मी गाडी घ्यायला गेलो तर दोन्ही हब लॉकवर होते. मी आदल्या खेपेला फ्री केले होते, मला पक्कं आठवत होतं. मामांना विचारलं नाही. मीटरवर नजर टाकली, पण आधीचा आकडा लक्षात नव्हता. त्या दिवसापासून गाडी लावून उतरताना मी मोबाईलवर मीटरचा फोटो काढू लागलो. महिनाभराने आकडा अकरा किलोमीटरने पुढे होता. पुढच्या महिन्यात पुन्हा अकरा.

मग मला सगळंच दिसू लागलं. मागच्या सीटवर सुकलेलं गवत दिसलं, ते माझ्याच जमिनीवरचं असू शकतं हे सुचलं नाही. आरसा जरा खाली झुकलेला वाटला. मामांचे कोण कोण नातेवाईक येतात, कुणाचं सामान वाहिलं जात असेल, याची मी मनात यादी केली. उल्हासनगरला ज्या सिंधी दुकानदाराकडून मी पार्ट घेत असे, त्याच्यापाशी सहज बोलून गेलो. तो म्हणाला, "साईं, किल्ली दिली म्हणजे गाडी दिली. आता मीटर कशाला बघतो?"

इथे मी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. तीच किल्ली आमच्या इमारतीतल्या एखाद्या जोशी-कुलकर्ण्यांच्या खिळ्याला असती, तर मी चहा पिता पिता विचारून मोकळा झालो असतो. मामांच्या बाबतीत मी पुरावे गोळा केले. मी जात मानत नाही, असं मी पुष्कळदा चारचौघांत सांगितलेलं आहे.

शेवटी एका सकाळी मी त्यांना सांगितलं की आमच्याकडेच जागा झाली आहे, गाडी नेतो. जागा झालेली नव्हती. मामांनी विचारलं, "गाडीचं काही चुकलं का?" मी नाही म्हटलं. त्यांनी किल्ली काढली, सदऱ्याच्या टोकाने पुसली आणि माझ्या हातात दिली. "साहेब, महिन्यातनं एकदा—"

"बघतो मी," मी म्हणालो आणि निघालो.

पुढचे सहा महिने जीप इमारतीबाहेर रस्त्याच्या कडेला उभी राहिली. मग एकदा जमिनीवर जायला निघालो. ओढ्याला पाणी होतं. मी पाण्यात उतरून बघितलं नाही. हब फिरवायला गेलो तर उजवा हलेना, तरी जीप तशीच पाण्यात घातली. गाडी मधोमध रुतली. गावातल्या ट्रॅक्टरने ओढून काढेपर्यंत मी मांडीभर पाण्यात उभा होतो.

दुकानदाराच्या मेकॅनिकने हब उघडला. आत ग्रीस वाळून खडा झालेलं, गंज चढलेला. दुकानदार वाकून बघत म्हणाला, "मागच्या वर्षी आणली तेव्हा तर मक्खन होता. महिन्यातून एकदा लॉक करून दहा-बारा किलोमीटर चालवायची, म्हणजे आत तेल फिरतं. आधी कोण बघत होतं, साईं?"



त्याच दिवशी मामांकडे जायला हवं होतं. काय बोलायचं ते जुळवण्यात तीन आठवडे गेले. गेलो तेव्हा दारात चपला होत्या आणि सुनंदाने पांढरी साडी नेसली होती. पाच दिवसांपूर्वी झोपेतच गेले, म्हणाली. तुमच्या घरी कळवायचं राहूनच गेलं. मी खाली सतरंजीवर बसलो. तसबिरीखालचा खिळा रिकामाच होता.

मी विचारलं, मामा गाडी घेऊन कुठे जायचे?

"कुठे नाही हो. बदलापूरच्या अलीकडे वळायचे नि परत यायचे. मी म्हणायचे, मला तरी ऑफिसला सोडा. तर म्हणायचे, दुसऱ्याची गाडी आहे, तिच्या कामापुरतीच काढायची."

मग ती म्हणाली, "दादा, बाबांचा गाडीबरोबरचा एखादा फोटो असेल ना तुमच्याकडे? आमच्याकडे एकही नाही. तुम्ही दर खेपेला गाडीत बसून मोबाईलवर फोटो काढायचात. बाबा खिडकीतून बघायचे. म्हणायचे, साहेबांना गाडीचं फार कौतुक आहे."

मोबाईल माझ्या खिशात होता. त्यात मीटरचे सतरा फोटो होते. मी तो बाहेर काढला, तिच्या समाधानासाठी थोडा वेळ बोटाने वरखाली केला, आणि नाही म्हणून सांगितलं.