खोली नंबर चौदा, वरचा मजला

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आईला नाही, बाबांना नाही, ज्याच्याशी लग्न केलं त्यालाही नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगते आहे — आणि हेही धाडस नाही, हे आधीच सांगून ठेवते.

जोगेश्वरीच्या डोंगराला चिकटून आमची गल्ली होती. खोली नंबर चौदा. खाली इंदूकाकी, वर आम्ही. वर म्हणजे काय, तर बाहेरून लोखंडी शिडी आणि डोक्यावर पत्रा. मधोमध उभं राहिलं तरच मान सरळ राहायची. कडेला गेलं की वाकायचं. मी दहावीपासून बी.कॉम.पर्यंतचा सगळा अभ्यास त्या वाकलेल्या मानेनं केला. बाबा अंधेरीच्या एका कारखान्यात होते. तो बंद पडला आणि ते सोसायटीच्या गेटवर खुर्ची टाकून बसायला लागले. आई पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटायची. आमच्या अख्ख्या घराण्यात पदवीचा कागद हातात घेणारी मी पहिली, आणि मला त्याचा माज होता. आजही आहे. तो कुठे कामाला आला, ते पुढे सांगते.

ती वरची जागा आम्हाला इंदूकाकीच्या नवऱ्याने दिली होती. काका आणि बाबा एकाच कारखान्यात, एकाच मशीनवर. बाबा माझ्या आईला घेऊन मुंबईत आले तेव्हा राहायला जागा नव्हती. काका म्हणाले, वर पत्रा टाक आणि रहा. कागद नाही, काही नाही. काका गेले, मूलबाळ नव्हतं, काकी एकटी राहिली. दोन घरी स्वयंपाकाला जायची. वर आम्ही होतो म्हणून एकटी वाटत नाही, असं तीच सगळ्यांना सांगायची.

मग एका श्रावणात आमच्या मागच्या बाजूचा डोंगर सुटला. तीन घरांचे ओटे आणि मोऱ्या मातीखाली गेल्या. माणसं वाचली, कशी ते कळलं नाही. चार दिवस आम्ही सगळे पालिकेच्या शाळेत, बाकं बाजूला सारून झोपलो. नंतर नोटीस आली: गल्ली धोकादायक, रिकामी करायची. यादीत नाव लागेल त्याला मुलुंडच्या संक्रमण शिबिरात खोली, आणि पुढे कायमचं घर. नाव लागणार नाही त्याने आपलं बघावं.

नोटीस मोठ्याने वाचून कुणी दाखवली? मीच. शाळेच्या पायरीवर उभं राहून, एकेक ओळ समजावून. त्या दिवसापासून मी गल्लीची वकील झाले. कुणाचा अर्ज, कुणाचं आधारचं झेरॉक्स, कुणाच्या मतदार ओळखपत्रावरची चूक — सगळे माझ्याकडे. 'सुजाकडे जा, ती शिकलेली आहे.' मला ते आवडायचं.

अर्ज द्यायला पालिकेच्या ऑफिसात जायचे, तिथे मी एकदा सहज विचारल्यासारखं विचारलं होतं, वरच्या मजल्यावर राहतात त्यांचं काय? क्लार्कने मान वर न करता सांगितलं, "वर म्हणजे? एक दार, एक नंबर. वरच्याला काही नाही. पुढचा कोण?"

एवढंच. दोन सेकंदांत आम्ही रस्त्यावर आलो होतो आणि त्या माणसाला कळलंही नव्हतं. घरी आल्यावर मी हे कुणाला सांगितलं नाही. का नाही सांगितलं? बाबांचा चेहरा बघवला नसता म्हणून? की तेव्हाच डोक्यात काहीतरी शिजायला लागलं होतं? मला वाटतं, यातलं दुसरं कारण खरं आहे.

सर्व्हे लागला नेमका गणपतीत. आमच्या गल्लीत निम्मी घरं कोकणातली. शाळेत जमिनीवर झोपायची वेळ आली तरी गणपतीला गावी जाणार नाही, असं त्यांच्यात होत नाही. काकीही गेली, मालवणला, दिराकडे. जाताना किल्ली आमच्याकडे दिली, दरवर्षीसारखी. शिडीखाली उभी राहून म्हणाली, "लिहूक इले तर माजा नाव सांग गो. तू आसस म्हणान माका कसली काळजी नाय."

मी म्हटलं, "जा तू बिनधास्त. आणि येताना कोकमाचं आगळ आण."

इथे मी सांगू शकते की त्या क्षणी गोंधळले, अधिकारी अचानक आले, तोंडातून निघून गेलं. तसं झालेलं नाही. सर्व्हेवाले उद्या सकाळी येणार हे मला आदल्या दिवशी दुपारी कळलं होतं, आणि त्या दुपारी मी काकीचं दार उघडलं. वरून आमचे डबे, कुकर, आईच्या साड्या खाली आणल्या. बाबांचा ड्युटीचा शर्ट काकीच्या खुंटीला लावला. माझं पदवीचं प्रमाणपत्र — फ्रेम केलेलं — काकीच्या भिंतीवर टांगलं. त्यासाठी भिंतीवरचा काकांचा फोटो काढावा लागला. हार होता त्याला, प्लास्टिकचा, तो काढून गुंडाळला आणि फोटोसकट काकीच्या ट्रंकेत तळाशी उपडा घातला.

आई बघत होती. तिने विचारलं, "अगं, काकीला विचारलंस का?"

"फोन झालाय," मी म्हटलं. "वरच्यांचंही नाव खालच्याच दारावर घेतात. तिचं ती आल्यावर घेतील. तू फक्त माझ्या बाजूला उभी राहा, बोलू नकोस."

आईने विश्वास ठेवला. मी शिकलेली होते ना.

सकाळी दोन माणसं आली, एकाकडे रजिस्टर, दुसऱ्याकडे रंगाचा डबा. दारावर आकडा लिहिला. आमच्या आधार कार्डांवर पत्ता 'खोली नंबर चौदा' एवढाच. काकीच्या कार्डावरही तोच. वर की खाली, हे कुठल्याच कागदावर नव्हतं. "वर कोण राहतं?" एकाने शिडीकडे बघत विचारलं. मी म्हटलं, "कुणी नाही. सामान असतं." त्याने वर चढून बघितलंही नाही; गेटवर ड्युटीला गेलेल्या बाबांचं नाव मी सांगितलं, ते त्याने रजिस्टरात लिहिलं. आईने पदर सारखा केला, आम्ही दोघी काकीच्या दारात उभ्या राहिलो आणि त्यांनी आमचा फोटो काढला. समोरच्या घरातली बाई हात हलवून म्हणाली, "काकीचं पण बघ गं!" मी मान डोलावली. संध्याकाळपर्यंत आमचं सामान पुन्हा वर नेलं, काकांचा फोटो तेवढा ट्रंकेतच राहिला.

इथपर्यंत सांगितलं तर तुम्ही म्हणाल, अडचणीत माणूस करतो असं. थांबा. खरी गोष्ट पुढे आहे.

काकी परत आली ती आगळाच्या दोन बाटल्या घेऊन, एक खास माझ्यासाठी. यादी शाळेच्या भिंतीवर लागली होती. काकी अक्षरं जोडून जोडून वाचायची. बोट लावत ती यादीच्या शेवटापर्यंत गेली, पुन्हा वर आली. मग माझ्याकडे वळली. "माजा नाव खय गेला गो?"

मी तिला म्हटलं, ऑफिसवाल्यांनी घोळ घातलाय. एका दारावर एकच नाव घेतात, आम्ही समोर होतो, आमचं घेतलं. तुझ्यासाठी हरकतीचा अर्ज करू.

ती काय म्हणाली असेल? "तुमचा तरी लागला मां? बरा झाला." असं म्हणाली. आणि तिला ते खरंच बरं वाटलं होतं, हे मला दिसत होतं.

बाबा मात्र उठले. ते कधी ऑफिसात न जाणारे, साहेब दिसला की खुर्चीवरून उभे राहणारे. म्हणाले, "मी येतो. मी सांगतो साहेबांना, खोली वहिनींची आहे, आम्ही वरचे." चप्पल घालत होते. मी त्यांना दारात अडवलं. "बाबा, तुम्ही काही बोललात तर दोघांचंही जाईल. तुम्हाला कळत नाही त्यातलं. मी लिहिते ना?" बाबांनी चप्पल काढली. ते पुन्हा बसले. मला कळत होतं आणि त्यांना कळत नव्हतं, हे त्यांनी माझ्या पदवीच्या दिवशीच मान्य करून टाकलं होतं.

अर्ज मी इंग्रजीत लिहिला. काकीला म्हटलं, इंग्रजीत असला की साहेब लक्ष देतात. हे खोटं होतं. मराठीत लिहिला असता तर तिने बोट लावून लावून का होईना, वाचला असता. अर्जात तिचं नाव होतं, आधारचा नंबर होता, किती वर्षं राहते ते होतं, विधवा आहे, एकटी आहे, सगळं होतं — छान भाषा होती. आणि पत्त्याच्या ओळीत मी लिहिलं: खोली नंबर चौदा, वरचा मजला.

ते दोन शब्द. मला नियम माहीत होता. एक दार, एक नंबर, वरच्याला काही नाही. तिच्यासाठी धावपळ करताना मी सगळ्यांना दिसणार होते आणि अर्ज उघडताच फेटाळला जाणार होता, याची मी व्यवस्था केली होती.

काकीने खाली सही केली. तिला सहीला वेळ लागायचा. शेवटचं अक्षर लिहून होईपर्यंत मी पेनाचं टोपण हातात धरून उभी होते. अडवता आलं असतं. कागद फाडून दुसरा लिहिता आला असता — दहा मिनिटांचं काम. मी टोपण लावलं.

ऑफिसात तोच क्लार्क होता. त्याने अर्जावरून नजर फिरवली आणि मला इंग्रजीत म्हणाला, "मॅडम, अपर फ्लोअर आहे. नॉट एलिजिबल, आय टोल्ड यू, ना?" काकी माझ्या बाजूला उभी, चांगली साडी नेसून, दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत. "काय म्हणता तो?"

"बघतो म्हणाला, काकी."

तिने त्याला हात जोडले.

पत्र आलं, अपात्र. काकीने ते घडी घालून पिशवीत ठेवलं. गल्ली खाली करायच्या दिवशी तिच्या ट्रंकेच्या तळातून, इतके दिवस शोधून न सापडलेला काकांचा फोटो निघाला. "ह्यो हंय कसो?" ती म्हणाली, मग स्वतःच म्हणाली की घाईत आपणच ठेवला असेल. मी तिचं सामान टेम्पोत चढवलं. आधी नालासोपाऱ्याला भाचीकडे गेली. तिथून अंधेरीची दोन घरं जमेनात, कामं सुटली. भाचीचं घरही लहान. मग गावी, दिराकडे. तिथे पडवीत झोपते असं ऐकलं. सणावारी फोन करते. गल्लीतलं कुणी भेटलं की सांगते, सुजा माझ्यासाठी किती धावली, नशीबच नव्हतं माझं. शेवटच्या दिवशी गल्लीने मला शाल आणि नारळ दिला होता. मी घेतला.

मी आज ऑफिसात जाऊन खरं सांगू शकते का? शकते. कागद तेच आहेत, माझं अक्षर तेच आहे. सांगितलं तर आई-बाबांचं घर जाईल, हे मला पक्कं माहीत आहे. काकीला ते मिळेलच असं नाही. हा हिशोब मी कितीदा केलाय. दरवेळी उत्तर तेच येतं आणि दरवेळी मी गप्प बसते. याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा. मला नाव ऐकायचं नाही.

मुलुंडच्या शिबिरात आम्ही चार वर्षं काढली. गेल्या वर्षी कायमचं घर मिळालं. सहावा मजला, एक खोली, स्वयंपाकघर, संडास-बाथरूम आत. नळाला पाणी सकाळ-संध्याकाळ. आई ओट्याशी उभी राहून पोळ्या करते. घर बाबांच्या नावावर आहे. इंदूकाकीचं नाव कुठल्याही यादीत नाही.