सासुरवाडीतले तर्री-पोहे

कुठेही तर्रीचा झणझणीत वास आला की माझ्या तोंडाला पाणी सुटतं आणि मान आपोआप मागे वळते. सासरे येत नाहीत ना, ते पाहायला.

लग्नानंतर पहिल्यांदाच तुमसरला राहायला गेलो होतो. सकाळी सगळ्यांची नजर चुकवून मी गुपचूप बाहेर पडलो आणि चांगले पोहे कुठे मिळतात, ते अर्ध्या बाजाराला विचारत सुटलो. नवा जावई बाहेर खायला शोधतोय, ही बातमी मी टपरीवर पोचायच्या आत सासऱ्यांच्या राइसमिलमध्ये पोचली.

पहिला घास घेतला आणि समोर सासरे.

"काहून जी जावईबापू, आमच्या घरची चूल विझली काय?"

"नाही जी, सहजच."

"सहज?" ते पोहेवाल्याकडे वळले. "यायले अजून एक प्लेट दे. तर्री जास्त टाक. आम्ही उपाशी ठेवतो न!"

टपरीवर चहा पीत बसलेले मिलचे हमाल खदखदून हसले. प्लेट संपेपर्यंत सासरे कमरेवर हात ठेवून उभे राहिले. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तर्रीमुळे, असं मी बायकोला सांगितलं.

घरी बरबटीचे, म्हणजे चवळीचे, वडे झाकून ठेवलेले आणि सगळे ताटकळत बसलेले. जावयाने खाल्ल्याशिवाय त्या घरात कोणी घास घेत नसे.

"खा रे सगळे," सासरे म्हणाले, "पाहुणे पोट भरून आले."

बाजारात ते उपाशीपोटी उभे होते, हे आता कळतं. तरी एखादा वडा घेता का, एवढं विचारायला काय हरकत होती, असं मला अजूनही वाटतं.