व्याह्यांच्या बोर्डाचं वय

माझ्या मुलीच्या सासऱ्यांना मी एकदा भरल्या ताटावर, सगळ्यांसमोर खोटं पाडलं. तेही पुराव्यानिशी. पुरावा चुकीचा होता, हे मला सहा-सात महिन्यांनी कळलं.

आमचे व्याही गोरे कॅनेडियन, पश्चिम किनाऱ्यावर जन्म काढलेले. बायको गेल्यावर मुलाने त्यांना टोरांटोजवळ रिचमंड हिलला आपल्या घरी आणलं आणि बेसमेंटमध्ये त्यांची खोली केली. सामान म्हणून दोन सूटकेसा आणि साडेनऊ फूट लांब एक सर्फबोर्ड, लाटांवर उभं राहायची फळी. त्या बोर्डाची गोष्ट ते दर भेटीत सांगत. साठच्या दशकात, विशीतले असताना, ते बसने कॅलिफोर्नियाला गेले. तिथे एका बोर्ड बनवणाऱ्याच्या शेडमध्ये उन्हाळाभर झाडलोट केली आणि मजुरीच्या बदल्यात हा बोर्ड घेऊन घरी परतले. पुढच्याच महिन्यात लाटेत तो त्यांच्या पायाखालून निसटला आणि एकटाच किनाऱ्याला लागला. वाळूवर उभ्या असलेल्या एका मुलीने तो पाण्याबाहेर ओढला. पुढे तिच्याशीच त्यांचं लग्न झालं.

गोष्ट छान होती, नाही असं नाही. पण दहाव्यांदा ऐकताना माझ्या कपाळावर आठ्या पडत. सगळे कौतुकाने ऐकत, जावई तर प्रत्येक वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखा. मी पंचवीस डॉलर घेऊन या देशात उतरले, किचनरजवळच्या कारखान्यात फायबरग्लासच्या टाक्या तपासणारी एकटी बाई म्हणून तीस वर्षं काढली, ते मला कुणी एकदाही विचारलं नव्हतं. हे मी आज कबूल करते. तेव्हा विचारलं असतं तर म्हटलं असतं, छे, मला कशाला हेवा वाटेल?

त्या वर्षी बोर्ड भिंतीवर टांगायचा आणि घराच्या विम्यात घालायचा असं जावयाच्या मनात आलं. त्यासाठी त्याचं वय आणि किंमत हवी होती. बोर्ड फायबरग्लासने मढवलेला, आणि फायबरग्लास म्हणजे माझं माहेर, म्हणून काम माझ्याकडे आलं. मी दोन आठवडे रोज दुपारी इंटरनेटवर बसले. नवऱ्याने दोनदा विचारलं, "आता या वयात पोहायला जातेस की काय?"

मला कळलं ते असं. जुन्या बोर्डांचं मागचं सुकाणू, ते माशाच्या पंखासारखं उभं पातं, काचतंतूंचं कापड आणि रेझिन, म्हणजे वाळून कडक होणारी राळ, लावून कायमचं चिकटवलेलं असे. खाचेत बसवायची, काढता येणारी सुकाणं नंतर आली. बोर्ड पायाला बांधायची दोरी तर त्याहून उशिरा, सत्तरच्या दशकात. त्याआधी माणूस पडला की बोर्ड सुटलाच. ज्या बोर्डावर यातलं नंतरचं काही नाही, जो आहे तसा राहिला, त्याला शौकीन लोक चांगली किंमत देतात.

आणि व्याह्यांच्या बोर्डाला खाचही होती, शेपटीकडे दोरी अडकवायची वाटीही होती. बेसमेंटच्या अंधूक दिव्यात मी दोन्ही पाहिलं आणि उठले. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

मुलीने मला आधीच सांगून ठेवलं होतं. "आई, त्यांना हल्ली विसरायला होतंय. टेस्ट्स चालू आहेत. ते काही चुकीचं बोलले तर प्लीज करेक्ट करू नकोस, ओके?" मी म्हटलं, "मी कशाला करेक्ट करतेय?"

ऑक्टोबरात थँक्सगिव्हिंगला आम्ही त्यांच्याकडे जेवायला गेलो. मी मसालेभात नेला होता. व्याह्यांनी भाताची दुसरी वाढणी घेतली आणि गोष्ट सुरू केली. ते अर्थात इंग्रजीत बोलत, मी इथे मराठीत लिहिते आहे. ते लाटेपर्यंत आले, बोर्ड निसटला, आणि मी म्हणाले, "पण तो निसटेल कसा? त्याला तर पायाच्या दोरीची वाटी आहे."

ते थांबले. मी मात्र थांबले नाही. खाच, वाटी, दशकं, सगळं ओळीने मांडलं. हा बोर्ड तुम्ही सांगता त्या काळातला असूच शकत नाही, म्हणाले. नवऱ्याने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला, तोही मी बाजूला सारला. खोटं कशाला लिहू, मला त्या क्षणी फार बरं वाटत होतं.

व्याही चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी काटा खाली ठेवला आणि मुलाकडे पाहिलं. "मग मी आणि तुझी आई कुठे भेटलो?" त्यांनी विचारलं. जावई म्हणाला, "तिथेच, डॅड. बीचवरच." ते मान हलवत राहिले, पण त्यांचं लक्ष माझ्याकडे होतं. मी काही बोलेन म्हणून ते वाट पाहत होते. मी भात वाढला.

निघताना मुलगी गाडीच्या काचेशी वाकून एवढंच म्हणाली, "यू प्रॉमिस्ड, आई." मी म्हटलं, खरं तेच सांगितलं ना?

त्यानंतर त्यांनी ती गोष्ट सांगणं बंद केलं. ख्रिसमसला सांगितली नाही, फेब्रुवारीत फॅमिली डेच्या सुट्टीला नाही. उलट मुलगी सांगायची की आता ते प्रत्येक वाक्यापुढे "बरोबर ना?" असं विचारतात. मी माझी कॉफी बिनसाखरेची घेतो, बरोबर ना? माझी बायको डावखुरी होती, बरोबर ना? आजारच तो, मी स्वतःला म्हणायचे. पण आजाराला मी हात दिला होता, हे मला ठाऊक होतं, आणि फोन ठेवल्यावर माझं कामात लक्ष लागत नसे.

मे महिन्यात बोर्ड टांगायचं ठरलं. पाय घसरू नये म्हणून बोर्डाला चोळतात ते मेण वर्षानुवर्षांचं बसलेलं, ते मी काढून देते म्हटलं. प्रायश्चित्त म्हणा हवं तर. गॅरेजमध्ये सुतारकामाच्या दोन लाकडी घोड्यांवर बोर्ड ठेवून मी हेअर ड्रायरने मेण मऊ करत खरवडत होते. वाटीच्या भोवतीचं मेण निघालं आणि माझा हात थांबला. वाटीभोवती बशीएवढा गोल होता, बाकीच्या पिवळ्या रेझिनपेक्षा स्वच्छ. मी बोर्ड उलटा केला, टॉर्च आडवी धरली. खाचेच्या दोन्ही बाजूंना कापडाच्या जुन्या कडा दिसत होत्या, घासून सपाट केलेल्या. तिथे आधी चिकटवलेलं सुकाणू होतं. कुणीतरी ते कापून खाच बसवली होती, आणि वाटीही तेव्हाच किंवा नंतर. बोर्ड जुनाच होता, ते सांगत होते तितका जुना. त्या काळी दोरी नव्हती आणि तो निसटला होता.

टाकीला मागाहून जोडलेली तोटी मी दहा फुटांवरून ओळखत असे. असली ठिगळं मी आयुष्यभर पाहिली. इथे मी पाहिलंच नाही, कारण मला तो बोर्ड खोटा ठरायला हवा होता. मी तिथेच गॅरेजच्या पायरीवर बसले आणि रडले.

मग टॉर्च घेऊन खाली गेले. व्याही खुर्चीत होते. त्यांना हाताला धरून मी वर आणलं, वाटीभोवतीचा गोल दाखवला, कापडाच्या कडांवरून त्यांचं बोट फिरवलं. "माझं चुकलं," मी म्हणाले. "हा तुमचाच बोर्ड. तुमची गोष्ट पहिल्यापासून खरी होती. मला क्षमा करा."

त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग माझ्या दंडावर हलकेच थोपटलं, माझीच समजूत घालावी तसं.

"नाही, नाही," ते म्हणाले. "हा नंतरचा आहे. आमच्या सुनेच्या आईने तपासलाय. त्या बाई यातल्या एक्स्पर्ट आहेत."

"ती मीच," मी म्हणाले.

ते हसले, सभ्यपणे, दुकानात अनोळखी बाईकडे पाहून हसतात तसे. मग त्यांची नजर गॅरेजच्या भिंतींवरून फिरली. फावडी, विंटर टायर्स, शिडी.

"माझा इथेच कुठेतरी असणार," ते म्हणाले. "माझ्या बायकोने तो पाण्यातून ओढून काढला होता. तुम्ही जरा ती टॉर्च धराल का?"

मी टॉर्च धरली. आम्ही टायर्सच्या मागे पाहिलं, शिडीच्या मागे पाहिलं, मग बेसमेंटमध्ये जाऊन घर तापवायच्या फर्नेसच्या मागे पाहिलं.