होग्नीचं लोखंडी पोट

होग्नीच्या अंगी नाव घेण्याजोग्या दोनच गोष्टी होत्या, असं तो स्वतःच सांगे: सुकाणूवरचा हात आणि लोखंडी पोट. फॅरो बेटांवरच्या आपल्या गावाची होडी उन्हाळी शर्यतीत तोच हाकायचा. पण यंदा शौचातून रक्त जाऊ लागलं आणि शौचाला अचानक घाई होऊ लागली. होडी मध्येच थांबवून उतरता येत नाही, ही अडचण त्याला प्रथमच जाणवली.

"मोठ्या आतड्याला सूज आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "थोडं घराण्यातून येतं. तुमच्या बेटांवर हा आजार जास्तच."

"मग हे बायकोच्या घराण्यातलं," होग्नीनं निदान पुढे नेलं.

"बायकोकडून नवऱ्याला आनुवंशिक रोग होत नाही."

"आणि झालाच असता," शेजारी बसलेली त्याची बायको रान्नवा म्हणाली, "तरी तुझी पणजी नि माझी पणजी सख्ख्या बहिणी. शिव्या कुणाला घालणार आहेस?"

होग्नी मासळीच्या कारखान्यात यंत्रं दुरुस्त करी. रक्त कमी झालं तर लोखंड भरायचं, एवढं त्यालाही कळत होतं. वाऱ्यावर वाळवलेलं मेंढीचं मांस, काळंकुट्ट देवमाशाचं मांस, वर दुकानातल्या लोहाच्या गोळ्या आणि काही राहायला नको म्हणून जस्ताच्याही, असा त्याचा खुराक सुरू झाला. आठवड्याभरात शौच डांबरासारखं काळं झालं. लाल काही दिसेना. त्यानं आपण बरे झालो असं जाहीर केलं आणि डॉक्टरीणबाईंनी दिलेलं औषध बंद केलं.

पुढच्याच सरावात भर खाडीत त्यानं एकाएकी होडी किनाऱ्याकडे वळवली.

"अरे, कुठे निघालास?" पहिल्या वल्ह्यावरचा बार्दुर ओरडला.

"विचारू नकोस, वल्हव!"

वल्हवलं सगळ्यांनी. शर्यतीत कधी वल्हवलं नव्हतं इतकं. तरीही उशीर झाला.

"गोळ्यांनी शौच काळं होतं, त्यात रक्त लपतं," डॉक्टरीणबाईंनी समजावलं. "आणि मांसातलं लोह म्हणाल, तर काही विशिष्ट जनुकीय घडणीच्या लोकांत ते हा धोका वाढवत असावं, इतरांत नाही. जस्ताचा कदाचित फायदा होत असेल. अजून अभ्यास चालू आहे."

"माझी घडण कुठली?"

"ते मला माहीत नाही. पण तुम्ही तर न विचारताच ठरवलं होतंत."

लोह शिरेतून द्यायचं ठरलं. औषध पुन्हा सुरू झालं. होग्नीनं होडीच्या शेडमध्ये जाऊन सोबत्यांना सगळं सांगून टाकलं. तसं सांगण्यासारखं फारसं उरलंच नव्हतं. सुकाणू बार्दुरच्या लेकीकडे, मार्युनकडे गेलं.

शर्यतीच्या दिवशी होग्नी धक्क्यावर, शौचालयाच्या दाराजवळची जागा धरून उभा होता. पोट शांत होतं.

"पुढच्या वर्षी जागा परत हवी का, काका?" शर्यत संपल्यावर मार्युननं विचारलं.

हो म्हणायला त्यानं तोंड उघडलं. पण होडी तिच्या हाती सुतासारखी सरळ गेली होती. त्याच्या हाती ती नेहमी जराशी डावीकडे जाई, आणि तो वाऱ्याला दोष देई.

"वर्षभर विचार करतो," तो म्हणाला.

"करा की," मार्युन म्हणाली. "मी सुकाणू धरून बसते."